संगणकाला सिग्नल देणारे डायक्स्ट्रा

बीड जिल्ह्यातील कडा गावावरून सप्टेंबर २०२२ मध्ये नगर-आष्टी प्रवासी रेल्वे धावू लागली. हा मार्ग एकेरी आहे. अशा मार्गाच्या एका टप्प्यात गाडी असताना दुसरी सोडायची नाही, हा सिग्नलचा साधा नियम. गाडीची वेळ झाली तरी सिग्नल पडल्याखेरीज ती हलत नाही. हाच नियम १९६०च्या दशकात संगणकात आणणारे शास्त्रज्ञ म्हणजे एडस्गर डायक्स्ट्रा.

त्यांचा जन्म ११ मे १९३० रोजी नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे झाला. वडील रसायनशास्त्रज्ञ, तर आई गणितज्ञ होती. लायडन विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकत असतानाच १९५२ मध्ये ते अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रॅमर म्हणून रुजू झाले. १९५७ मध्ये विवाहनोंदणीच्या अर्जावर त्यांनी हाच व्यवसाय लिहिला. मात्र असा व्यवसायच नसतो, असे सांगून अधिकाऱ्यांनी तो अमान्य केला.

त्या सुमारास 'एक्स-१' या नव्या संगणकाची जुळणी सुरू होती. हातातले काम मध्येच थांबवून दुसऱ्या कामाकडे वळण्याची सोय त्यात होती. ही सोय पाहून डायक्स्ट्रा धास्तावले. काम नेमके कोठे तुटेल हे ठाऊक नसेल, तर झालेली चूक पुन्हा घडवून तपासताही येणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. सहकाऱ्यांनी समजूत घातल्यावर ते राजी झाले आणि १९५९ मध्ये याच विषयावर त्यांनी डॉक्टरेट मिळविली.

ही भीती अनाठायी नव्हती. खात्यात १००० रुपये आहेत, असे समजा. एक थ्रेड, म्हणजे कामाचा एक धागा, ही शिल्लक वाचतो. तेवढ्यात टायमर वाजतो आणि पाळी दुसऱ्या थ्रेडकडे जाते. तो २०० रुपये भरून १२०० लिहितो. मग पहिला थ्रेड परततो आणि जुन्या आकड्यात ५०० मिळवून १५०० लिहितो. दुसऱ्याने भरलेले २०० रुपये बेपत्ता होतात. अंदाजाने थोडा वेळ थांबायला लावणे हा यावरचा उपाय नव्हे. त्यामुळे चूक क्वचित घडते, पण टळत नाही.

डायक्स्ट्रा १९६२ मध्ये आइंडहोवन येथे प्राध्यापक झाले. तेथे मोजक्या सहकाऱ्यांसह उभारलेल्या कार्यप्रणालीची माहिती त्यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्या तळाच्या थरात घड्याळ होते. कोणत्याही एका कामाने संगणक अडवून ठेवू नये, एवढीच त्याची जबाबदारी. सामायिक गोष्टीला कोणी कधी हात लावायचा, हे ठरविण्यासाठी त्यांनी स्वतंत्र खूण योजली आणि तिला रेल्वेच्या हात-सिग्नलचे नाव दिले : सेमाफोर. पाळी देणे घड्याळाचे काम, वाट मोकळी करणे सिग्नलचे, अशी ही विभागणी होती.

ती सांभाळताना गफलत झाली, तर काय होते, हे १९९७ मध्ये मंगळावर दिसले. 'पाथफाइंडर' यानातील एका दुय्यम थ्रेडने कुलूप धरून ठेवले होते. मधल्या दर्जाच्या कामांमुळे त्याला पाळी मिळेना आणि सर्वांत महत्त्वाचा थ्रेड खोळंबला. काम वेळेत झाले नाही, हे पाहून पहारेकरी टायमर संगणक पुन:पुन्हा नव्याने सुरू करीत राहिला. कुलूप धरणाऱ्याला तेवढ्यापुरता वरचा दर्जा देण्याची सोय पृथ्वीवरून सुरू करण्यात आली, तेव्हा हे थांबले.

डायक्स्ट्रा यांना १९७२ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८४ पासून त्यांनी अमेरिकेत ऑस्टिन येथे अध्यापन केले. प्रोग्रॅम आधी विचाराने बिनचूक करावा, चाचणीच्या भरवशावर सोडू नये, हा त्यांचा आग्रह अखेरपर्यंत टिकला. त्यांची तेराशेहून अधिक टिपणे उपलब्ध असून त्यांतील बहुतेक हस्तलिखित आहेत. ६ ऑगस्ट २००२ रोजी नेदरलँड्समधील न्यूनेन येथे त्यांचे निधन झाले. आज खिशातल्या मोबाइलमध्येही शेकडो थ्रेड त्यांच्याच सिग्नलची वाट पाहत धावतात.