प्याला आणि प्रतिभा

प्रतिभेला मद्याची सोबत लागते, अशी एक समजूत सुशिक्षितांच्याही मनात मूळ धरून आहे. थोर लेखकाचे व्यसन हा त्याच्या थोरवीचाच भाग मानला जातो आणि तरुण वाचक अनेकदा तेवढेच उचलतो. या समजुतीच्या समर्थनार्थ ज्यांचे नाव हमखास पुढे केले जाते, त्या उर्दू कथाकार सआदत हसन मंटो यांचेच चरित्र तिला खोटी ठरविते.

११ मे १९१२ रोजी पंजाबातील समराळा येथे जन्मलेले मंटो १९३६ मध्ये मुंबईस आले. ‘मुसव्वर’ या सिनेसाप्ताहिकाचे संपादन, मध्यंतरी दिल्लीस नभोवाणीवर नोकरी आणि पुन्हा मुंबईत फिल्मिस्तान व बॉम्बे टॉकीजमध्ये चित्रपटलेखन, असा त्यांचा प्रवास झाला. मद्य तेव्हाही होते. परंतु त्याला मित्रांचा, नियमित कामाचा आणि वेतनाचा बांध होता.

जानेवारी १९४८ मध्ये ते लाहोरला गेले आणि हा बांध फुटला. चित्रपटांचे काम उरले नाही. ‘ठंडा गोश्त’ या कथेवरून अश्लीलतेचा खटला उभा राहिला. कथा लिहावी, हातोहात मोबदला घ्यावा आणि तो दारूत घालवावा, असा दिनक्रमच होऊन बसला. घरी पत्नी सफिया आणि तीन लहान मुली होत्या.

सुटकेचा प्रयत्न झाला नाही, असे नाही. व्यसनमुक्तीसाठी ते लाहोरच्या मनोरुग्णालयात राहिले. पण बाहेर आल्यावर प्याला पुन्हा हाती आला. याला केवळ मनाचा दुबळेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. मद्याला सरावलेल्या शरीरापासून ते एकाएकी तोडले, की कंप, भ्रम, प्रसंगी झटकेही येतात आणि ओढ त्यानंतरही दीर्घकाळ टिकते. अमेरिकन वैद्यक संघटनेने मद्यासक्तीला आजार म्हणून मान्यता दिली ती १९५६ मध्ये. मंटो त्याच्या आदल्याच वर्षी, १८ जानेवारी १९५५ रोजी, यकृत निकामी होऊन निवर्तले. वयाची त्रेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांच्या कथेवरील ‘मिर्झा गालिब’ हा चित्रपट १९५४ मध्ये भारतात गाजला आणि पुढे राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. लेखक मात्र १९५४ मध्ये लाहोरमध्ये दिवसाच्या पैशांची तजवीज करीत होता.

‘टोबा टेकसिंग’सारखी कथा याच अखेरच्या काळातील, असा आक्षेप कोणी घेईल. पण ती कथा फाळणी भोगलेल्या, माणसे निरखणाऱ्या दृष्टीने लिहिली. मद्याने लिहिले काहीच नाही. लिहिलेल्याचा मोबदला तेवढा नेला आणि पुढे लिहावयाचे आयुष्य नेले.

राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ने १९१९ पासून मराठी प्रेक्षकाला हेच दाखविले. त्यातील सुधाकरही बुद्धिमान वकीलच होता. बुद्धी हे व्यसनाविरुद्धचे कवच नव्हे. व्यसनात सापडलेल्या गुणवंताचे कौतुक करीत त्याचा प्याला भरणारे पुष्कळ भेटतात. त्याला वेळीच वैद्याकडे नेणारा, बरा होऊन पुन्हा घसरला तरी पुन्हा नेणारा, तोच त्याचा खरा चाहता.