हॅरल्ड एच. मॅन

हॅरल्ड हार्ट मॅन (जन्म : यॉर्क, इंग्लंड, १८७२, मृत्यू : १९६१) हे कृषिरसायनशास्त्रज्ञ आणि ग्रामीण अर्थव्यवस्थेचे अभ्यासक होते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य आणि पुढे मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक म्हणून त्यांनी १९०७ ते १९२७ या काळात महाराष्ट्रात काम केले. पाणी, खत किंवा बियाणे यांच्याआधी त्या ठिकाणची माती ओळखली पाहिजे, हे सूत्र त्यांच्या बहुतेक संशोधनात आढळते.

पूर्वायुष्य

मॅन यांनी लीड्स येथील यॉर्कशायर कॉलेजात रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले. १९०० साली भारतीय चहा संघटनेचे शास्त्रीय अधिकारी म्हणून ते कलकत्त्यास आले. आसाम, काचार व सिल्हेट येथील चहामळ्यांतील मातीचे पृथक्करण करून त्यांनी त्यावर लेखन केले. चहाच्या झाडांवरील कीड व रोगांविषयीचा त्यांचा जॉर्ज वॉट यांच्यासमवेतचा ग्रंथही याच काळातील आहे.

पुण्यातील कार्य

१९०७ मध्ये मॅन पुण्यास आले. महाविद्यालयाच्या कामाबरोबरच इलाख्याचे कृषिरसायनज्ञ ही जबाबदारीही त्यांच्याकडे होती. प्रयोगशाळेतील निष्कर्ष शेतात जाऊन पडताळण्याची शिस्त त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना लावली. व्ही. ए. ताम्हणे, एन. व्ही. जोशी व एन. व्ही. कानिटकर हे त्यांचे सहकारी होत. यांपैकी कानिटकर पुढे कोरडवाहू शेतीचे संशोधक म्हणून प्रसिद्धीस आले.

नीरा खोऱ्यातील खारवट जमिनी

नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि अवर्षणाच्या प्रदेशात उसाचे मळे उभे राहिले. परंतु काही वर्षांतच चांगल्या काळ्या जमिनींवर पांढरे क्षार फुलू लागले, पिके पिवळी पडली आणि शेते ओसाड होऊ लागली. मॅन आणि ताम्हणे यांनी या जमिनींची पाहणी करून १९१० मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला.

खोल काळ्या मातीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो. कालव्यातून झिरपलेले आणि पिकाला गरजेपेक्षा अधिक दिलेले पाणी खाली साचत जाते व भूजलाची पातळी वर येते. हे पाणी पृष्ठभागावरून वाफ होऊन उडून जाते, मात्र त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. सोडियमच्या क्षारांचे प्रमाण वाढले की माती चोपण होते आणि तिच्यातून पाणी मुरेनासे होते. ज्या उथळ जमिनीखाली मुरूम आहे, तिथे तेच पाणी सहसा हानी करत नाही. म्हणून पाट काढण्यापूर्वी जमिनीची खोली व खालचा थर तपासणे आणि भारी जमिनीत निचऱ्याचे चर आधी काढणे आवश्यक ठरते. बागायतीच्या लोभाने ही गोष्ट डावलली गेल्यास शेतकऱ्याला आपली मूळ जिरायत जमीनही गमवावी लागते.

राब पद्धतीचा अभ्यास

सह्याद्रीच्या पट्ट्यात भाताचे रोप टाकण्यापूर्वी त्या जागेवर शेण, झाडांचे टहाळ, पालापाचोळा व गवत यांचे थर पसरून ते जाळतात. यास राब भाजणे म्हणतात. आजच्या पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाडा भागात, पोशेऱ्यासारख्या डोंगराळ गावांच्या परिसरात, ही पद्धत परिचित आहे. राबासाठी झाडे छाटली जात असल्याने तिच्यावर जंगलाच्या नाशाचा आक्षेप घेतला जाई.

मॅन, जोशी व कानिटकर यांनी १९१२ मध्ये या पद्धतीवरील संशोधन प्रसिद्ध केले. राबाचा गुण केवळ राखेत नसून माती तापण्यातही आहे, हे त्यातून पुढे आले. तापलेल्या मातीत रोपाला घेता येतील अशी विद्राव्य द्रव्ये वाढतात आणि तणाचे बी मरते. अडाणीपणाची समजल्या गेलेल्या रीतीमागे मातीचे अनुभवजन्य ज्ञान आहे, याची शास्त्रीय नोंद त्यामुळे झाली.

ग्राम-सर्वेक्षणे

पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाचा मॅन यांचा अभ्यास १९१७ मध्ये, तर जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाचा कानिटकर यांच्यासमवेतचा अभ्यास १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. गावाची माती व पाणी यांपासून धारण जमिनी, कर्ज व कुटुंबाच्या मिळकतीपर्यंतचा विचार त्यांत आहे. पिंपळे सौदागरात १७७१ साली सरासरी धारणा सुमारे ४० एकर होती, ती १९१४-१५ पर्यंत सुमारे ७ एकरांवर आली. १५६ खातेदारांच्या जमिनीचे ७०० हून अधिक तुकडे झाले होते व त्यांतील ४६३ तुकडे एक एकराहून लहान होते. वाटणी करताना प्रत्येक वारसाला प्रत्येक प्रकारच्या जमिनीत हिस्सा हवा असे, हे तुकडीकरणाचे एक कारण होते. मातीचे ज्ञान असूनही जमीन पुरत नाही, ही शेतकऱ्याची अडचण या सर्वेक्षणांनी आकड्यांनिशी मांडली. भारतीय ग्राम-अध्ययनाच्या आरंभीच्या कामांत त्यांची गणना होते.

उत्तरायुष्य

निवृत्तीनंतर मॅन यांनी १९२८ ते १९५६ या काळात इंग्लंडमधील वोबर्न प्रयोगक्षेत्रावर काम केले. तेथील हलक्या वाळूसर जमिनीत वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट दिल्याने माती आम्लधर्मी झाली होती व पीक हातचे जात होते. चुना दिल्याशिवाय तिच्यात सुधारणा होईना. नीरा खोऱ्यात पाण्याने जे केले, तेच येथे खताने केले होते. दख्खनमधील पर्जन्यमान व दुष्काळ यांवरील त्यांचा ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे निवडक लेख त्यांच्या निधनानंतर डॅनियल थॉर्नर यांनी संपादित केले.

महत्त्व

गावाची वस्ती ती पांढरी आणि शेतजमीन ती काळी, हा भेद मराठी मुलखात पूर्वापार चालत आला आहे. काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात उथळ पाया घातल्यास भिंती तडकतात आणि शोषखड्ड्यातील पाणी लवकर मुरत नाही. मॅन यांचे संशोधन शेतीपुरते असले, तरी खड्डा खणून मातीचे थर, खोली व निचरा पाहण्याची त्यातील रीत घर, शोषखड्डा किंवा परसबाग यांच्या जागेलाही तितकीच लागू पडते. नीरा खोऱ्यात त्यांनी तपासलेला खारवट जमिनींचा प्रश्न महाराष्ट्रातील ऊसपट्ट्यात आजही कायम आहे.