कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

रोजची भाकर मिळावी अशी प्रार्थना आपण सर्वच करतों. पण ती भाकर ज्या अवजारांच्या साह्यानें शेतांतून ताटांत येते, त्यांचा विचार फार थोडे लोक करतात. लढायांचे सन मुलांस मुखोद्गत असतात. विळा, नांगर व मळणीचें यंत्र ह्यांचा इतिहास मात्र त्यांच्या कानीं क्वचितच पडतो. म्हणून ज्या गृहस्थांनीं महाराष्ट्राच्या शेतांत लोखंडी नांगर रूढ केला, त्यांचें चरित्र ह्या अंकांत थोडक्यांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

एकोणिसाव्या शतकांत पाश्चात्य देशांतील शेतीच्या अवजारांत मोठी क्रांति झाली. १८२८ च्या सुमारास स्कॉटलंडमध्यें पॅट्रिक बेल ह्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यानें पीक कापण्याचें यंत्र सिद्ध केलें. पुढें तो पाळक झाला. आपल्या शोधाचें पेटंट त्यानें घेतलें नाहीं. अमेरिकेंत सायरस मॅककॉर्मिक ह्यानें १८३१ मध्यें घोड्यांनीं ओढावयाचें कापणीचें यंत्र चालवून दाखविलें, १८३४ मध्यें त्याचें पेटंट मिळविलें, व पुढें शिकागो येथें मोठा कारखाना काढला. पिकलेला गहू थोड्या दिवसांतच कापावा लागतो, नाहींतर दाणे गळून जातात. त्यामुळें केवळ विळ्यानें कापणी होई तोंवर, हात किती ह्यावरच पेरणी अवलंबून असे. यंत्रानें ही अडचण दूर केली आणि अमेरिकेच्या गवताळ मैदानांतील गहू युरोपच्या बाजारांत येऊं लागला. आपल्या देशांत मात्र गरज कापणीच्या आधीं नांगरटीची होती. ही गरज ओळखून तीसाठीं आयुष्य वेंचणारे पुरुष म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर होत.

लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर ह्यांचा जन्म २० जून १८६९ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर ह्या गांवीं झाला. शाळेंतील घोकंपट्टींत त्यांचें मन रमेना. चित्रें व यंत्रें ह्यांकडे ओढा मोठा. थोरले बंधु रामुअण्णा ह्यांच्या आधारानें ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. पण त्यांस कांहीं रंग नीट ओळखतां येत नाहींत असें आढळून आलें, आणि चित्रकार होण्याची आशा सोडावी लागली. दुसरा एखादा खचून घरीं परतला असता. लक्ष्मणरावांनीं रंग सोडले, रेषा सोडली नाहीं. यंत्रांचें रेखांकन शिकून ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक झाले. तेथें बढतीच्या वेळीं आपणांस डावललें गेलें असें पाहून त्यांनीं नोकरीचा राजीनामा दिला व ते बेळगांवास आले.

बेळगांवांत बंधूंसह सायकलींच्या दुकानाचा व्यवसाय चालूं असतां त्यांचें लक्ष शेतकऱ्याकडे लागलें. प्रथम त्यांनीं कडबा कापण्याचें यंत्र केलें, आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. आपला लाकडी नांगर माती फाडतो, पण ती उलथीत नाहीं. लोखंडी नांगराच्या फाळामागील वांकडा पत्रा मातीचें ढेंकूळ खालचें वर करून टाकतो. त्यामुळें हरळीसारख्या चिवट तणाच्या मुळ्या उन्हांत वाळून मरतात आणि पावसाचें पाणी जमिनींत खोल मुरतें. परंतु लोखंडानें भूमि विषारी होईल, अशी समजूत लोकांत होती. पहिले नांगर विकले जाण्यास सुमारें दोन वर्षें लागलीं असें सांगतात. ह्या काळांत लक्ष्मणरावांनीं लोकांच्या अज्ञानास दोष देत बसण्यापेक्षां नांगर सुधारण्याकडे लक्ष दिलें, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते.

पुढें बेळगांवच्या नगरपालिकेनें शहराच्या वाढीसाठीं कारखान्याची जागा मागितली, आणि तो हलविणें भाग पडलें. अशा वेळीं औंध संस्थानचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि ह्यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळ माळरान दिलें आणि कर्जरूपानें साह्यही केलें. निवडुंगानें व सापांनीं भरलेल्या त्या माळावर १९१० मध्यें किर्लोस्करवाडी वसली. कारखान्याबरोबर कामगारांची घरें उभीं राहिलीं. जातिभेदाला तेथें थारा नव्हता. ज्यांवर गुन्हेगारीचा शिक्का बसला होता अशा रामोशांस लक्ष्मणरावांनीं पहारेकरी नेमिलें, आणि त्यांनीं तो विश्वास राखिला.

१९१४ मध्यें पहिलें महायुद्ध सुरू झालें आणि परदेशांतून येणारें लोखंड व कोळसा दुर्मिळ झाला. दगडी कोळशाऐवजीं लाकूड जाळून भट्टी चालविण्यांत आली. कोल्हापूरचे शाहू छत्रपति ह्यांनीं जुन्या तोफा वितळविण्यास दिल्या, आणि त्या धातूचे नांगर झाले. शस्त्रांचे फाळ होतील असें जें दर्शन यशया संदेष्ट्यास झालें, तें ह्या प्रसंगीं कोणास आठवणार नाहीं?

नांगरामागून उसाचा चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचें यंत्र व पाण्याचे पंप हीं निघालीं. ज्या शेतांत केवळ ज्वारी होई तेथें विहिरीच्या पाण्यावर ऊंस उभा राहिला. १९२० मध्यें धंद्याची मर्यादित कंपनी झाली. १९४१ मध्यें हरिहर येथें नवा कारखाना निघाला. २६ सप्टेंबर १९५६ रोजीं लक्ष्मणराव परलोकवासी झाले. १९६९ मध्यें, त्यांच्या जन्मशताब्दीस, भारत सरकारनें त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढलें.

आतां आमच्या खोडाळ्याच्या वाचकांच्या मनांत एक प्रश्न येईल, आणि तो योग्यच आहे. यंत्र आलें म्हणजे मजुराची भाकर जात नाहीं काय? पंजाबांत कापणी व मळणी एकदम करणारीं यंत्रें आलीं. पुष्कळ माणसांचें काम तीं थोड्या वेळांत उरकतात. तीं भाताचे खुंट शेतांतच सोडून जातात, पुढें ते जाळले जातात, आणि त्या धुरानें दूरच्या शहरांचाही श्वास कोंडतो. यंत्र एक ओझें उतरवितें तेव्हां दुसरें चढवीत नाहीं ना, हें पाहिलेंच पाहिजे.

आणि अशीं यंत्रें आमच्या उतारांवर चढणार तरी कशीं? येथें नागली व वरई डोंगराच्या कुशीवर पिकते, भाताचीं खाचरें लहान. राब भाजण्यापासून कापणीपर्यंत सर्व काम हातांनींच चालतें. वाकून वाकून विळा चालविणाऱ्या बायांची कंबर मोडते, आणि इतकें करूनही धान्य वर्षभर पुरत नाहीं. मग सुगी आटोपतांच बिऱ्हाडेंच्या बिऱ्हाडें वीटभट्ट्यांवर कामास जातात. ह्या गांवांस नको आहे तें मजुरी हिरावणारें यंत्र; हवें आहे तें कष्ट हलके करणारें व पीक वाढविणारें अवजार.

तें कोण करील? शिकागोच्या कारखानदारास नागलीचें कणीस ठाऊक नाहीं. लक्ष्मणरावांनीं परदेशी नांगर पाहिला, परंतु तो आपल्या मातीस, आपल्या बैलांस व आपल्या शेतकऱ्याच्या ऐपतीस मानवेल असा घडविला. डोंगरावरील शेतीसाठीं असेंच काम व्हावयाचें आहे, आणि तें करण्यास ज्यानें स्वतः खाचरांत चिखल तुडविला आहे त्याहून अधिक योग्य दुसरा कोण? आमच्या शाळेंतील जो मुलगा किंवा मुलगी रेखांकनाच्या तासास लक्ष देऊन बसते आणि सुटींत आईबरोबर कापणीस जाते, तिच्या हातीं ह्या कार्याचीं दोन्हीं साधनें आजच आहेत.