चार साध्या पट्ट्यांची चौकट

आमच्या आजीचा एकच फोटो घरात आहे. तो चौकटीत बसवावा म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी तालुक्याच्या गावची पाच दुकाने पालथी घातली. एकाकडे सोनेरी नक्षीची पट्टी होती, पण अख्खी दहा फूट घ्यावी लागणार होती. दुसऱ्याला दोन-चार फुटांसाठी करवत लावायची नव्हती. शेवटी वडिलांनी दाराच्या कामातून उरलेल्या सागाच्या बारीक पट्ट्या काढून दिल्या. त्या रंधताना मला सारखा एक चित्रकार आठवत होता. त्याचे नाव व्हिन्सेंट व्हॅन गॉग.

हॉलंडमधील झुंडर्ट या खेड्यात एका धर्मोपदेशकाच्या घरी ३० मार्च १८५३ रोजी त्याचा जन्म झाला. सोळाव्या वर्षी तो हेग येथे गूपिल या चित्रविक्रेत्या पेढीत नोकरीला लागला. सोनेरी चौकटींतली चित्रे श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत कशी जातात, हे त्याने तिथे जवळून पाहिले. १८७६ साली ती नोकरी सुटली. पुढे बेल्जियममधील बोरिनाज या कोळसा खाणींच्या मुलखात तो धर्मप्रचारक झाला. अंगावरचे कपडेही त्याने मजुरांना देऊन टाकले. पण वरिष्ठांना हे रुचले नाही आणि तेही काम गेले. १८८० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने चित्रकार व्हायचे ठरवले. धाकटा भाऊ थिओ पैसे पाठवी, त्यावर रंग, कॅनव्हास आणि पोट चाले.

१८८६ मध्ये तो पॅरिसला थिओकडे आला. तिथले नवे चित्रकार चौकटीही स्वतःच रंगवीत. १८८७ साली व्हिन्सेंटने लिंबे, नासपती, द्राक्षे अशा फळांचे एक पिवळेधमक चित्र काढले, त्याची सपाट चौकटही पिवळ्या फटकाऱ्यांनी रंगवली आणि ते थिओला अर्पण केले. चित्र कुठे संपते आणि चौकट कुठे सुरू होते, हे चटकन कळू नये अशी ती जोडी आहे.

१८८८ साली तो दक्षिण फ्रान्समधील आर्ल येथे गेला. मित्र गोगँ राहायला येणार म्हणून त्याने खोली सजवायला सूर्यफुले रंगवली. त्यांच्याभोवती नक्षीदार सोनेरी चौकट नको, तर नारिंगी रंग दिलेल्या बारीक लाकडी पट्ट्या हव्यात, असे त्याच्या मनात होते. आपल्या शयनगृहाच्या चित्रात पांढरा रंग नाही, म्हणून त्याला चौकट पांढरी असावी, असा त्याचा हिशेब होता. जो रंग चित्रात नाही, तो चौकटीने द्यायचा! पुढे १८८९ मधील एका सूर्यफुलांच्या चित्रात वर जागा अपुरी पडली, तेव्हा त्याने लाकडाची पट्टी जोडून तीही रंगवली.

त्याचे आयुष्य मात्र कोणत्याच चौकटीत नीट बसले नाही. डिसेंबर १८८८ मध्ये गोगँशी भांडण झाल्यावर त्याने स्वतःचा कान कापला. मे १८८९ पासून वर्षभर तो सें-रेमीच्या मनोरुग्णालयात होता. १८९० च्या आरंभी ब्रुसेल्सच्या प्रदर्शनात त्याचे लाल द्राक्षमळ्याचे चित्र ४०० फ्रँकना विकले गेले. त्याच वर्षी २९ जुलै रोजी, स्वतःवर गोळी झाडून घेतल्यानंतर दोन दिवसांनी, ओव्हेर येथे तो वारला. वय अवघे ३७. सहा महिन्यांत थिओही गेला. थिओची पत्नी यो हिने ती चित्रे जिवापाड जपली आणि जगासमोर आणली.

मग किंमत आली आणि त्याबरोबर सोनेरी चौकटीही आल्या. त्याच्या साध्या पट्ट्या कुठल्या कुठे गेल्या. त्याने स्वतः रंगवलेली एकच चौकट आज शिल्लक आहे, त्या पिवळ्या फळांभोवतीची. ती ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात आहे.

माझ्या चौकटीचा एक कोपरा नीट जुळला नाही. फट राहिली, ती भुसा आणि सरस कालवून बुजवली. आजी जन्मभर अंगठा उठवत राहिली आणि दुसऱ्यांच्या शेतात राबली. तिच्याभोवती सोनेरी नक्षी परकी वाटली असती. आज ती सागाच्या साध्या पट्ट्यांतून आमच्याकडे पाहते आहे, आणि दुकानांत पट्टी मिळाली नाही याचे मला आता वाईट वाटत नाही.