रोहिल्यांना सोबत घेऊन लढलेले गोंड वीर : बाबुराव शेडमाके

मोहरमच्या दिवसांत चंद्रपूरच्या जिल्हा कारागृहाचं दार सर्वसामान्यांसाठी उघडतं. आत गैबीशहा वलींचा दर्गा आहे. शहरातली आणि आसपासच्या तालुक्यांतली माणसं झियारतीला जातात, फातिहा पढतात, तिथल्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून घरी आणतात. त्यात आपली माणसं असतात, तशी इतर समाजांचीही असतात.

याच कारागृहाच्या आवारात एक पिंपळ आहे. त्या पिंपळाखाली 21 ऑक्टोबर 1858 रोजी एका पंचवीस वर्षांच्या गोंड तरुणाला फाशी देण्यात आली. दरवर्षी त्या तारखेला आदिवासी बांधव तिथे जमतात आणि त्याला मानवंदना देतात. दर्ग्याला जाणाऱ्या आपल्या घरांपैकी कितीजणांना त्या पिंपळाची गोष्ट ठाऊक आहे? फार नसावीत, असं आम्हाला वाटतं. म्हणून आज ती सांगावीशी वाटते. कारण त्या गोष्टीत आपलीही माणसं आहेत.

जमीनदाराच्या घरातला मुलगा

बाबुराव शेडमाके यांचा जन्म 12 मार्च 1833 चा. गाव किष्टापूर, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरी तालुक्यात. वडील पुल्लेसूर बापू हे मोलमपल्लीचे जमीनदार. लहानपणी घोटुलातलं शिक्षण, नंतर रायपूरला इंग्रजी शाळा. गोंडी तर घरची भाषा, शिवाय हिंदी आणि तेलुगूही त्यांना येत असे.

इथे एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगितलेली बरी. बाबुराव हे मजूर नव्हते, भूमिहीनही नव्हते. ते जमीनदाराचे पुत्र होते. काही अभ्यासक म्हणतात, की त्यांचा लढा आपली जमीनदारी राखण्यासाठी होता. हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. पण मग त्यांच्यामागे शेकडो गोंड, माडिया गडी का उभे राहिले, याचंही उत्तर शोधावं लागतं. ते उत्तर त्या काळच्या चांद्यात आहे.

चांद्यात काय बदललं होतं?

चांदा ही गोंड राजांची राजधानी. अठराव्या शतकाच्या मध्यावर ती नागपूरकर भोसल्यांकडे गेली. डिसेंबर 1853 मध्ये तिसरे रघूजी भोसले वारले, दत्तक नामंजूर झाला आणि 1854 मध्ये नागपूरचं राज्य कंपनी सरकारच्या घशात गेलं. चांद्याला इंग्रज अधिकारी येऊन बसला.

राजे बदलले की जंगलातल्या माणसाला पूर्वी फारसा फरक पडत नसे. दूरच्या दरबाराला वर्षाची रक्कम पोहोचली की झालं. जळण, मोह, डिंक, बांबू, शिकार यांचा हिशेब कुणी मागत नव्हतं. कंपनीचा कारभार वेगळा होता. तिला मोजणी हवी होती. जमीन कुणाच्या नावावर, सारा किती, जंगल कुणाचं, सागाची किंमत किती, सगळं कागदावर यायला लागलं. आणि जे कागदावर आलं नाही, ते हक्कातून गेलं. जमीनदाराचा मान गेला, तसा रयतेचा रानावरचा हातही आखडायला लागला. जमीनदाराचा मुलगा आणि त्याची रयत एका बाजूला आली ती यामुळे.

भोसल्यांचा दरबार गेला तशा आणखी काही लोकांच्या भाकऱ्या गेल्या. त्यात रोहिले होते. मूळचे रोहिलखंडाकडचे पठाण. निजाम, भोसले, लहानमोठे जमीनदार यांच्याकडे तलवार गहाण टाकून जगणारी ही जमात. निजामाच्या मुलखात काही रोहिले व्याजबट्ट्याचा धंदाही करत आणि गावकरी त्यांना भीत, हेही लपवण्याचं कारण नाही. पण 1857 साली यातल्या पुष्कळांनी बाजू निवडली. 17 जुलै 1857 रोजी हैदराबादच्या इंग्रज रेसिडेन्सीवर हल्ला झाला, त्याचे पुढारी तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन होते आणि सोबत रोहिले होते.

जंगोम सेना

सप्टेंबर 1857 मध्ये बाबुराव यांनी सुमारे 500 माणसांची फौज उभी केली. नाव ठेवलं जंगोम सेना. जंगोम म्हणजे जागृती. या फौजेत गोंड होते, माडिया होते आणि रोहिले होते. भाषा वेगळी, देव वेगळे, जेवणखाण वेगळं. पण संकट एकच होतं.

मार्च 1858 मध्ये या फौजेनं राजगड परगणा ताब्यात घेतला. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यानं फौज पाठवली. 13 मार्चला नांदगाव-घोसरीजवळ गाठ पडली आणि इंग्रजांना मागे हटावं लागलं. पुढे गढीसुर्ल्याच्या टेकडीवरून मोठमोठे दगड खाली लोटून इंग्रज फौजेची वाट अडवली, असं या भागात आजही सांगितलं जातं. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव बाबुरावांना येऊन मिळाले. सगणापूर, बामणपेठ असं लढत लढत बंड प्राणहितेच्या काठापर्यंत पोहोचलं.

29 एप्रिल 1858 च्या रात्री चिंचगुंडीला तारायंत्राच्या कामावर असलेल्या इंग्रजांच्या छावणीवर हल्ला झाला. गार्टलँड आणि हॉल हे दोघे मारले गेले, पीटर नावाचा तिसरा निसटला. छावणी तारवाल्यांचीच का? कारण तारेवरून बातमी घोड्याच्या कितीतरी आधी पोहोचत होती. तार म्हणजे त्या काळची सत्तेची नस होती, आणि बंडवाल्यांना ते कळत होतं.

पकडलं कुणी?

जंगलात बाबुराव सापडेनात, तेव्हा क्रिक्टननं दुसरा मार्ग धरला. त्यांच्यावर 1000 रुपयांचं बक्षीस लावलं आणि अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दबाव आणला. अहेरी ही या मुलखातली सगळ्यात मोठी जमीनदारी. बंडात सामील झालं तर ती जाणार, साथ दिली तर वाढणार, असा हा सौदा होता.

लक्ष्मीबाईंच्या माणसांनी आधी भोपालपट्टणमला बाबुरावांना झोपेत धरलं. गंमत म्हणा की दुर्दैव, धरणारेही रोहिलेच होते, असं सांगतात. बाबुरावांनी त्यांची समजूत घातली आणि ते निसटले. पण 18 सप्टेंबर 1858 रोजी ते पुन्हा पकडले गेले आणि इंग्रजांच्या हवाली झाले. चांद्याला खटला चालला आणि महिनाभरात निकाल लागला.

फाशीनंतर अवघ्या अकरा दिवसांनी, 1 नोव्हेंबरला, राणीचा जाहीरनामा निघाला. कंपनीचं राज्य संपलं, बंडवाल्यांना माफी मिळाली. अर्थात इंग्रजांच्या खुनाशी ज्यांचा संबंध जोडला गेला त्यांना त्या माफीत जागा नव्हती, त्यामुळे बाबुराव तेव्हा हयात असते तरी वाचले असते असं नाही. व्यंकटराव बस्तरकडे निघून गेले, 1860 मध्ये तेही पकडले गेले आणि जन्मठेपेवर गेले. त्यांच्या अडपल्ली आणि घोट जमीनदाऱ्या बक्षीस म्हणून अहेरीला मिळाल्या. त्याच 1860 मध्ये नदीपलीकडे निर्मलला रामजी गोंड यांनाही फाशी झाली. त्यांच्याही सोबत रोहिले होते.

दूर लंडनमध्ये

बाबुराव फौज जमवत होते त्याच महिन्यांत लंडनमध्ये बसून एक जर्मन पत्रकार न्यूयॉर्कच्या ट्रिब्यून या दैनिकासाठी हिंदुस्थानातल्या उठावावर लेख लिहीत होता. त्याचं नाव कार्ल मार्क्स. त्याच्या लेखी हे नुसतं शिपायांचं बंड नव्हतं. सारा, कर आणि जबरदस्ती यांचा तो हिशेब मांडत होता. चांद्याच्या जंगलातल्या बाबुरावांचं नाव त्याच्यापर्यंत पोहोचलं असण्याची शक्यता नाहीच.

पण जंगलाची गोष्ट त्याला परकी नव्हती. 1842 साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यानं कोलोनच्या वर्तमानपत्रात लाकूडचोरीच्या कायद्यावर लिहिलं होतं. ऱ्हाइन नदीकाठच्या गरिबांना रानात पडलेल्या काटक्या वेचायचा जुना हक्क होता. जंगलमालकांनी तो चोरी ठरवला. आदल्या दिवशीचा रिवाज दुसऱ्या दिवशी गुन्हा झाला. कायदा मालकाचा नोकर होतो तेव्हा गरिबाचं काय होतं, हा प्रश्न त्याला तिथे पडला आणि पैशापाण्याच्या प्रश्नांकडे आपण तिथूनच वळलो, असं त्यानं पुढे नमूद केलं आहे.

मार्क्सचा धर्माविषयीचा विचार आपल्याला पटणारा नाही, आणि तो पटवून घ्यायची गरजही नाही. पण हा काटक्यांचा प्रश्न चांद्याचाही आहे. 1865, 1878 आणि 1927 च्या वन कायद्यांनी इथेही हेच केलं. राखीव जंगल झालं, आलापल्लीचा साग इमारतींना आणि आगगाडीच्या स्लीपरांना गेला. 1870 च्या दशकात वरोऱ्याला कोळशाची खाण निघाली. ज्याच्या पायाखाली धन होतं, तो मजुरीला लागला.

आजचं जंगल

जमीनदारी कायद्यानं संपली. 1982 मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. पण प्रश्न तोच आहे. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट आहे, वीज राज्यभर जाते आणि राख इथे उरते. बल्लारपूरच्या कागद कारखान्यानं अनेक दशकं इथला बांबू नेला. एटापल्लीत सूरजागडच्या डोंगरावर लोहखनिज निघतं. काहींना तिथे रोजगार मिळाला, हे खरं. त्या डोंगरावर आदिवासींचं ठाकूरदेवाचं ठाणं आहे, हेही खरं.

मार्क्सचं नाव घेतलं की गडचिरोलीत पहिल्यांदा बंदूक आठवते. चार दशकांहून जास्त काळ त्याच्या नावानं चाललेल्या हिंसेत सगळ्यात जास्त मेला तो गरीबच. कधी खबऱ्या म्हणून मारला गेला, कधी पोलिसाच्या वर्दीत. त्या वाटेचं आम्ही समर्थन करत नाही. दुसरी वाट याच जिल्ह्यानं दाखवली आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याचा आधार घेऊन धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि 2011 मध्ये आपला बांबू आपण विकायची परवानगी घेतली. ग्रामसभेत सगळ्यांची सहमती होईपर्यंत बसायचं, हा त्यांचा शिरस्ता. बाबुरावांना तलवारीनं जे साधलं नाही, त्यातलं थोडं या गावानं कागदानं साधलं. ज्या कागदानं हक्क गेला होता, त्याच कागदानं तो परत आणला.

आपण कुठे उभे आहोत?

आता पुन्हा रोहिल्यांकडे वळू. जंगोम सेनेत लढणारे रोहिले होते आणि बाबुरावांना धरणारेही रोहिलेच. कलमा एक, जात एक, बाजू वेगळी. म्हणजे माणूस कुठे उभा राहतो हे त्याच्या नावावरून ठरत नाही. त्याची भाकरी कुणाच्या हातात आहे आणि त्या भाकरीपलीकडे त्याला काय दिसतं, यावर ते ठरतं.

आज या दोन जिल्ह्यांत आपल्यातलं कुणी तेंदूपत्त्याच्या फळीवर आहे, कुणी लाकडाच्या टालावर, कुणी कोळशाच्या ट्रकवर, कुणी बाजारात दुकान मांडून. जंगलातून निघणाऱ्या पैशाच्या साखळीत आपणही एक कडी आहोत. तेंदूपत्ता मोजताना पुडा बरोबर मोजला गेला का, मजुरी वेळेवर पोहोचली का, हा हिशेब सरकारकडे जाईल तेव्हा जाईल. मापात मारू नका आणि मजुराचा मोबदला त्याचा घाम वाळण्याआधी द्या, ही शिकवण तर आपल्या घरातच आहे. ती पाळायला मार्क्स वाचावा लागत नाही.

पुढच्या मोहरमला कारागृहात झियारतीला जाल, तेव्हा मुलांचा हात धरून त्या पिंपळाचीही चौकशी करा. त्यांना सांगा, की इथे एका गोंड तरुणाला फासावर दिलं आणि त्याच्या फौजेत आपलेही लोक होते. मूल पुढे विचारेल, मग त्याला पकडून कुणी दिलं? तेही सांगा, लपवू नका.