थेऊरचे चिंतामणिभक्त : श्रीमंत थोरले माधवराव पेशवे

अष्टविनायकांपैकी थेऊरच्या श्रीचिंतामणीचे देवालय मुळा-मुठेच्या वळणावर वसलेले आहे. मूळ देवालय चिंचवडच्या देव घराण्याने उभारले. त्यापुढील लाकडी सभामंडप श्रीमंत थोरले माधवराव पेशवे यांनी बांधविला. याच देवाच्या सान्निध्यात १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, म्हणजे शके १६९४ च्या कार्तिक वद्य अष्टमीस, त्यांनी देह ठेवला. त्या वेळी त्यांना अठ्ठाविसावे वर्ष चालू होते, आणि क्षयाने त्यांचे शरीर केवळ अस्थिपंजर उरले होते.

माधवरावांचा जन्म फेब्रुवारी १७४५ मध्ये सावनूर येथे झाला. नानासाहेब पेशवे व गोपिकाबाई यांचे ते द्वितीय पुत्र. ज्येष्ठ बंधू विश्वासराव हयात असता पेशवेपदाची वस्त्रे माधवरावांच्या अंगावर येण्याचे कारण नव्हते. परंतु १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव व चुलते सदाशिवरावभाऊ दोघेही पडले. त्या शोकाने खचलेले नानासाहेब जून महिन्यात पुण्यास निवर्तले. आणि जुलै १७६१ मध्ये सोळा वर्षांच्या या मुलाच्या हाती राज्याची सूत्रे आली. खजिना रिता, कर्ज डोईजड, अनुभवी सेनानी रणात गारद झालेले, आणि घरात चुलते रघुनाथराव स्वतःच कारभार करण्यास आतुर, अशी ती स्थिती होती.

चुलत्या-पुतण्यांचा हा कलह माधवरावांच्या साऱ्या आयुष्यास पुरला. १७६२ च्या नोव्हेंबरात आळेगाव येथे दोन्ही फौजा समोरासमोर आल्या, तेव्हा आपापसांत रक्तपात वाढू नये म्हणून माधवराव आपण होऊन काकांच्या छावणीत गेले आणि त्यांच्या स्वाधीन झाले. यास दुर्बलता म्हणणारे तेव्हाही असतील. परंतु पुढच्याच वर्षी निजामाच्या फौजेने पुणे लुटून जाळले, तेव्हा त्याच काकांच्या खांद्याला खांदा लावून या पुतण्याने १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदावरीकाठी राक्षसभुवन येथे निजामाचा पुरा मोड केला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर रणात पडला. त्या दिवसापासून राज्याचा खरा धनी कोण, याविषयी कोणास शंका उरली नाही.

दक्षिणेत त्यांचा प्रमुख शत्रू हैदर अली. हैदराने १७६३ मध्ये बेदनूर घेतले आणि त्याच लाटेत सोंद्याचे राज्यही बुडाले. सोंदेकर राजांनी गोव्यात पोर्तुगीजांचा आश्रय घेतला, आणि त्यांच्या ताब्यातील फोंड्याचा अंत्रुज महाल पोर्तुगीजांकडे गेला. गोव्याच्या महाजन कुळांची बहुसंख्य देवालये ज्या महालात नांदतात, त्याच्या इतिहासाचा हा महत्त्वाचा टप्पा होय. माधवरावांनी १७६४ पासून हैदरावर एकामागून एक स्वाऱ्या केल्या. रट्टीहळ्ळी, अनवट्टी येथे त्यास नमविले आणि १७६७ मध्ये मधुगिरीचा किल्ला घेऊन तेथे बंदीत पडलेल्या बेदनूरच्या राणीस मुक्त केले.

त्याच वर्षीच्या एका प्रसंगाची आठवण इंदूरकरांना तरी विशेष असावयास हवी. मल्हारराव होळकर १७६६ मध्ये व त्यांचे नातू मालेराव १७६७ मध्ये निवर्तल्यावर दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी रघुनाथरावांच्या पाठबळावर होळकरांची दौलत आपल्या कह्यात घेण्याचा घाट घातला. अहिल्याबाईंनी त्यास धैर्याने नकार दिला, आणि माधवरावांनी चुलत्याची भीड न धरता त्यांचा पक्ष उचलला. फौजेचा कारभार तुकोजी होळकरांकडे व दौलतीचा बाईंकडे, ही व्यवस्था त्यांच्याच संमतीने झाली. अहिल्याबाईंच्या पुढील धर्मकार्याचे श्रेय बाईंचेच. परंतु त्यांच्या वाटेतील पहिला मोठा अडथळा दूर करणाऱ्यांत या तरुण पेशव्याचेही नाव आहे.

माधवरावांची वृत्ती मूळची धर्मनिष्ठ. गजानन हे पेशवे घराण्याचे आराध्य दैवत, त्यातही थेऊरच्या चिंतामणीवर माधवरावांची श्रद्धा विशेष. पहिल्या काही वर्षांत स्नानसंध्या, जप व ध्यान यांत त्यांचे बरेच तास जात. याविषयीची रामशास्त्री प्रभुणे यांची कथा सर्वश्रुत आहे, तथापि तिचे मर्म पुष्कळदा निसटते. काही तातडीच्या कामासाठी शास्त्रीबोवा आले असता श्रीमंत ध्यानस्थ बसलेले त्यांना आढळले. ते आल्या पावली परतले आणि पुन्हा भेट होताच काशीस जाण्याची परवानगी मागू लागले. कारण विचारता त्यांनी स्पष्ट सांगितले की, ब्राह्मणाने राज्य पत्करले म्हणजे प्रजेचे पालन हेच त्याचे अनुष्ठान ठरते; तसे नको असेल तर राज्य सोडून दोघांनीही गंगातीरी जाऊन बसावे, ते अधिक बरे. माधवरावांनी तो उपदेश मानला आणि दीर्घ अनुष्ठाने आटोपती घेतली.

या कथेवरून माधवरावांनी भक्ती सोडली असा निष्कर्ष कोणी काढतात, तो सर्वथा चुकीचा आहे. भक्तीचे स्थान मात्र बदलले. देवघरातील वेळ कमी झाला आणि ती निष्ठा कचेरीत, न्यायात व हिशेबात उतरली. वसईचे सुभेदार विसाजीपंत यांनी आपले सामान वेठीच्या माणसांकडून वाहविले, हे वाटेत दृष्टीस पडताच माधवरावांनी ते सामान अडविले, गरीब रयतेला श्रमाचा मोबदला देवविला आणि सरकारी अंमलदारांनी वेठ घेऊ नये असा सक्त हुकूम काढला. सुगीच्या दिवसांत घरची कामे टाकून दुसऱ्याचे ओझे वाहावे लागणाऱ्या कुणब्यास त्या हुकुमाची किंमत किती वाटली असेल, याची कल्पना करता येते. आप्तांची गयही त्यांनी केली नाही. मामा रास्ते यांच्या बाबतीत मातोश्रींची रदबदली त्यांनी मानली नाही आणि त्या रोषाने गोपिकाबाई पुणे सोडून नाशिकजवळ गंगापुरास जाऊन राहिल्या, असे सांगतात. जून १७६८ मध्ये धोडप येथे पुन्हा बंड करून उठलेल्या रघुनाथरावांना पकडून शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवावे लागले. आई दूर, काका बंदीत, पोटी संतान नाही. या एकाकीपणातच रोगाने उचल खाल्ली.

हैदरावरील शेवटच्या मोठ्या स्वारीत, १७७० मध्ये, क्षयाची लक्षणे उघड झाली. राजयक्ष्म्याचे वर्णन आयुर्वेदात फार पुरातन असले, तरी त्या काळी त्यावर हमखास उतारा जगात कोठेच नव्हता. त्या रोगाचे जंतू कॉख यांना सापडले ते १८८२ मध्ये, आणि त्यावर गुणकारी ठरलेले पहिले औषध, स्ट्रेप्टोमायसिन, निघाले ते १९४० नंतर. माधवरावांच्या वाट्यास आले ते ज्वर, क्षीणता, पोटाच्या असह्य वेदना आणि मध्येच चार दिवस बरे वाटून पुन्हा कोसळणे. दीर्घ दुखणे ज्या घराने पाहिले आहे, त्या घरास या चार दिवसांच्या खोट्या आशेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. अखेर मोहीम त्र्यंबकराव पेठे यांच्या हाती सोपवून त्यांना मागे फिरावे लागले. पेठ्यांनी मार्च १७७१ मध्ये मोती तलावाच्या लढाईत हैदराचा दणदणीत पराभव केला. उत्तरेत महादजी शिंदे, विसाजी कृष्ण बिनीवाले आदी सरदारांनी दिल्ली हस्तगत केली आणि जानेवारी १७७२ मध्ये बादशहा शाहआलम मराठ्यांच्या आश्रयाने आपल्या तख्तावर परतला. पानिपताचा कलंक अकरा वर्षांत धुऊन निघाला. तो धुणारा मात्र अंथरुणास खिळला होता.

औषधे, अनुष्ठाने, हवापालट, सर्व करून झाले. पुढे ते थेऊरास येऊन राहिले. मनुष्य असाध्य दुखण्यात देवाजवळ येतो तो बहुधा आयुष्य मागण्यासाठी. माधवरावांनी तेथे राज्याची आवराआवर केली, ही गोष्ट विशेष मानावी लागते. सप्टेंबर १७७२ च्या अखेरीस त्यांनी नऊ कलमांची एक यादी कारभाऱ्यांसमोर करून ठेवली. कर्ज फेडावे, काशी व प्रयाग ही क्षेत्रे सोडवावी, मातोश्रींची काशीयात्रेची इच्छा पुरी करावी, चालत आलेला दानधर्म बंद पडू देऊ नये, अशी ती कलमे होती. ज्या काकांनी आयुष्यभर छळले त्यांच्या निर्वाहाची तरतूदही तीत विसरलेली नाही. ऋण शिरावर घेऊन मरावे लागते की काय, ही टोचणी त्यांना व्याधीहून अधिक जाचत होती. शेवटी रघुनाथरावांना बोलावून धाकटे बंधू नारायणराव यांचा हात त्यांनी त्यांच्या हाती दिला. इतके जाणूनही त्यांनी तो विश्वास ठेवला, की दुसरा मार्गच नव्हता, हे ठरविणे कठीण आहे.

गजाननाच्या नामस्मरणात त्यांचा अंत झाला. पत्नी रमाबाई यांनी नदीकाठी सहगमन केले. त्या चालीचे समर्थन आज कोणी करणार नाही, आणि ऐन तारुण्यातील त्या साध्वीचा अंत आठवून मन व्याकुळ झाल्यावाचून राहत नाही. पुढे ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. त्या प्रकरणी रघुनाथरावांना दोषी ठरवून त्यांच्या तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितले ते रामशास्त्र्यांनीच. गंगातीरी जाण्याची परवानगी मागणाऱ्या या न्यायाधीशाने त्यानंतर मात्र खरोखरच पुणे सोडले.

रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ या १९६२ सालच्या कादंबरीने रमा-माधवांची नावे घरोघर पोचविली. थेऊरास नदीकाठी रमाबाईंचे वृंदावन आहे, आणि कार्तिक वद्य अष्टमीस त्या गावी उभयतांचा पुण्योत्सव होतो.