डेव्हिड बेडेल-सिव्हराइट : मैदानावरचा आडदांड, रणांगणावरचा डॉक्टर



चरित्र सांगायचं म्हटलं की आपण मुलांना बहुतेक वेळा गोड तेवढंच सांगतो. पण काही माणसांचं चरित्र तसं सांगताच येत नाही. त्यांच्या पराक्रमाबरोबर त्यांचा तापटपणाही सांगावा लागतो. स्कॉटलंडचा रग्बीपटू डेव्हिड बेडेल-सिव्हराइट हा असाच एक माणूस.

बालपण आणि शिक्षण

डेव्हिडचा जन्म ८ डिसेंबर १८८० रोजी एडिनबरो शहरात झाला. तिथल्याच फेट्स कॉलेज या शाळेत तो रग्बी शिकला. पुढे केंब्रिज विद्यापीठात गेला. केंब्रिज आणि ऑक्सफर्ड यांचा वार्षिक सामना तेव्हाही फार मानाचा. १८९९ ते १९०२ असे सलग चार सामने तो केंब्रिजकडून खेळला आणि शेवटच्या दोन सामन्यांत कर्णधार होता. त्याचा भाऊ जॉन हासुद्धा स्कॉटलंडकडून खेळला.

फॉरवर्ड म्हणजे कोण?

आपल्याकडे रग्बी फारसा माहीत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. संघात १५ खेळाडू असतात, त्यांतले ८ फॉरवर्ड. दोन्ही संघांचे फॉरवर्ड खांद्याला खांदा लावून, वाकून एकमेकांना रेटतात. त्याला 'स्क्रम' म्हणतात. चेंडू आपल्या बाजूला मिळवायचा, समोरच्याला पाडायचं, स्वतः पडलो तर लगेच उठायचं, हे त्यांचं काम. गुण मिळवल्याचं कौतुक बऱ्याचदा मागून धावत येणाऱ्याचं होतं. रेटारेटी मात्र फॉरवर्डच्या वाट्याला येते. डेव्हिड त्या काळातला अतिशय दणकट आणि निर्भय फॉरवर्ड मानला जाई.

स्कॉटलंडचा खेळाडू

१९०० मध्ये, विद्यार्थी असतानाच, तो वेल्सविरुद्ध स्कॉटलंडकडून पहिला सामना खेळला. १९०८ पर्यंत त्याने देशासाठी २२ सामने खेळले. इंग्लंड, वेल्स आणि आयर्लंड या तिघांना एकाच हंगामात हरवलं की 'ट्रिपल क्राउन' मिळतो. स्कॉटलंडने १९०१, १९०३ आणि १९०७ मध्ये तो मिळवला आणि तिन्ही वेळा डेव्हिड संघात होता.

स्कॉटलंड आणि इंग्लंड ज्या चषकासाठी खेळतात, त्याचं नाव कलकत्ता कप! कलकत्त्यातला एक इंग्रजी रग्बी क्लब १८७८ मध्ये बंद पडला, तेव्हा क्लबच्या शिलकीतले चांदीचे रुपये वितळवून हा चषक घडवला गेला. त्याच्या मुठी नागाच्या आकाराच्या आहेत आणि झाकणावर हत्ती आहे.

कर्णधार आणि वाद

१९०३ मध्ये ब्रिटिश संघाबरोबर तो दक्षिण आफ्रिकेला गेला. १९०४ मध्ये तर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्याचा कर्णधारच झाला. ऑस्ट्रेलियात त्याच्या संघाने सगळेच्या सगळे १४ सामने जिंकले.

पण याच दौऱ्यात एक वाद झाला. एका सामन्यात पंचांनी डेन्मन नव्हे, डेनिस डॉबसन या ब्रिटिश खेळाडूला अपशब्द वापरल्याबद्दल बाहेर काढलं. हा आरोप डेव्हिडला मान्य नव्हता. तो रागाने अख्खा संघ घेऊनच मैदानाबाहेर गेला. सुमारे २० मिनिटांनी खेळ पुन्हा सुरू झाला, पण डॉबसनशिवाय. म्हणजे पंचांचा निर्णय कायम राहिला. पुढे न्यूझीलंडमधल्या पहिल्याच सामन्यात डेव्हिडचा पाय मोडला आणि तिथला कसोटी सामना त्याला बाहेर बसून पाहावा लागला.

त्याच्या आडदांडपणाचे किस्सेही बरेच आहेत. एका सामन्यानंतर तो एडिनबरोच्या भर रस्त्यात ट्रामच्या रुळांवर आडवा झाला आणि वाहतूक खोळंबली, असं सांगतात. खरंखोटं देव जाणे, पण लोकांना त्याच्याबद्दल असलं काही सहज खरं वाटायचं, हे मात्र नक्की.

डॉक्टरकीकडे

दौरा संपल्यावर तो काही काळ ऑस्ट्रेलियातच राहिला. गुराढोरांच्या व्यवसायात मन रमेना, म्हणून मायदेशी परतला आणि एडिनबरोत वैद्यकीचं शिक्षण घेऊ लागला. खेळ चालूच होता. १९०५ मध्ये न्यूझीलंडच्या नामांकित संघाविरुद्ध तो स्कॉटलंडचा कर्णधार होता. तो सामना ७-१२ असा गेला. पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेला ६-० ने हरवणाऱ्या संघातही तो होता. १९०९ मध्ये त्याने स्कॉटलंडचं हौशी हेवीवेट मुष्टियुद्धाचं विजेतेपदही मिळवलं. आणि हाच माणूस शल्यचिकित्सक झाला.

गॅलिपोली

पहिलं महायुद्ध सुरू झालं. जानेवारी १९१५ मध्ये तो नौदलात डॉक्टर म्हणून रुजू झाला आणि तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या आघाडीवर गेला. तिथे उन्हाळा, माश्या, अस्वच्छता आणि जखमींची रीघ. खंदकांजवळच्या मलमपट्टी केंद्रात तो काम करत होता. आयुष्यभर समोरच्याला पाडणारे हात आता पडलेल्यांना सावरत होते.

तिथेच त्याला कसलासा किडा चावला. थकवा आला, म्हणून त्याला रुग्णालय-जहाजावर हलवलं. पण जंतुसंसर्ग रक्तात भिनला होता. ५ सप्टेंबर १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी तो गेला. त्याला समुद्रातच मूठमाती... नव्हे, जलसमाधी देण्यात आली. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून १३ वर्षं होती, आणि तो लावणारा अलेक्झांडर फ्लेमिंगही स्कॉटलंडचाच!

२०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाने आपल्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्याला स्थान दिलं.

मुलांना काय सांगाल?

वर्गात एखादं मूल असतंच, अंगात रग असलेलं, पटकन चिडणारं. त्याला आपण नुसतं 'दांडगट' म्हणून मोकळे होतो. डेव्हिडची गोष्ट सांगताना मैदान सोडून जाणं चुकलं की बरोबर, हे मुलांनाच ठरवू द्या. मात्र गोष्ट तिथेच थांबवू नका, मलमपट्टी केंद्रापर्यंत न्या. तोच माणूस, तेच बळ. फक्त ते कुठे लावायचं, हे बदललं. आणि हो, साधी जखमही धुऊन स्वच्छ ठेवायची असते, हेही जाता जाता सांगा!